तापानंतरचे भादवे

पोळा झाला की माझे हात स्वस्थ राहत नाहीत. गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या बशा उलट्या करते, कुलरच्या टाकीत कालच कोरडं फडकं फिरवलेलं असलं तरी आज पुन्हा फिरवते, शेजारच्यांच्या भिंतीला टेकवलेला फुटका टब पालथा घालते. शेजारीण वरून बघते आणि हसते. "भाभी, फिर से?" मीही हसते. थांबत मात्र नाही. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, की जो डास तुमच्या मुलीला चावला तो कुलरमधला नव्हता, धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यातला होता. आमच्या बूढ़ापाऱ्यात, भर रायपूर शहरात, धान कुठलं? तरीही मी टब पालथा घालते. मन कुठेतरी लागलेलं असलं, की हाताला काम लागतं.

भादव्यात रायपूर फार गोड होतं, हीच तर अडचण आहे. गल्लीगल्लीत ठेठरी-खुर्मी तळल्याचा वास सुटतो, बाजारात कारल्यांचे हिरवे ढीग लागतात, आणि बस स्टँडवर बघावं तिकडे बायका. पिशव्या, लेकरं, नवीन चपला, आणि चेहऱ्यावर तो एकच भाव, की मी माहेरी चालले. आपल्याकडची हरतालिका, पण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहून आम्हीही तिला तीजाच म्हणतो. इथला रिवाज असा, की तीजाला भावाने स्वतः येऊन बहिणीला घेऊन जायचं. साठीच्या म्हाताऱ्यासुद्धा दारात भाऊ येण्याची वाट बघतात.

माझा दादाही येतो. कुरूदच्या पुढे एका गावात तो शाळेत शिकवतो. आईबाबा गेल्यापासून तेच घर माझं माहेर. दरवर्षी तीजाच्या आदल्या दिवशी सकाळच्या बसने येतो, हातातली साडीची पिशवी खुर्चीवर ठेवतो, चहा घेतो आणि विचारतो, "येतं का विजू?"

"या वर्षी नाही जमत, दादा."

"बरं," म्हणतो. काहून, असं एकदाही विचारलं नाही. संध्याकाळच्या बसने एकटाच परत जातो. अशी सात वर्षं गेली. सात साड्या कपाटात आहेत, आणि मी त्यातली एकही नेसलेली नाही.

शेवटची गेले तेव्हा मिनू आठ वर्षांची होती. माझी एकुलती एक मुलगी. लाजाळू. पाहुणे आले की माझ्या पदरामागे लपायची, पण पाढे म्हणायला लागली की अडायची नाही. माझ्याशी हिंदीतच बोलायची, आणि मी तिच्यावर ओरडायची, "मराठीत बोल ना, जीभ झिजते का?" ती हसून पुन्हा हिंदीतच उत्तर द्यायची.

त्या संध्याकाळी दादाच्या अंगणात वहिनी आणि मी कारली चिरत बसलो होतो. उपासाच्या आदल्या दिवशी इथे कारल्याची भाजी आणि भात खातात, करू भात म्हणतात त्याला. मिनू मधेमधे करत होती. वर्षभराने भेटलेल्या वहिनीशी मला चार गोष्टी बोलायच्या होत्या. मी म्हटलं, "जा, मामासोबत वावरात जा. बगळे बघून ये." ती तयार नव्हती. फ्रॉकला चिखल लागेल म्हणाली. "लागू दे," म्हटलं, आणि तिच्या पाठीला हलकासा धक्का दिला. मामाचं बोट धरून गेली. अंधार पडायच्या आत परतली तेव्हा पायांवर लाल ठिपके होते. मी खोबरेल तेल चोळलं. बस्स, एवढंच झालं होतं. कुणाला सांगायला गेलं तर त्यात सांगण्यासारखं काहीच नाही.

परत आल्यावर आठव्या दिवशी तिची तिमाही परीक्षा होती. दुपारी शाळेतून आली ती डोकं धरूनच. खिडकी बंद करा म्हणाली, उजेड टोचतो. अंग तव्यासारखं तापलं होतं. मला वाटलं, उन्हातून आली, परीक्षेचा ताण. लिंबूपाणी दिलं, ते उलटून पडलं. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, दीवार हिल रही है." मी भिंतीकडे बघितलं. खरंच, वेड्यासारखं भिंतीकडे बघितलं, आणि वळून बघते तर मिनूचं सगळं अंग हलत होतं.

दवाखान्याच्या खाली रस्त्यावरून गणपती विसर्जनाला चालले होते. ढोल इतके जवळ वाजत होते, की नर्स काय बोलते ते ऐकू येत नव्हतं. कमरेतून पाणी काढलं, तपासलं, डॉक्टर म्हणाले मेंदूज्वर. डासामार्फत येणारा विषाणू, मेंदूला सूज. विषाणूवर औषध नाही. सूज उतरवायची, झटके थांबवायचे आणि वाट बघायची. पितृपक्षाचे अकरा दिवस ती डोळे उघडून पडून होती आणि कुणालाच ओळखत नव्हती. तिच्या उघड्या डोळ्यांत पंखा फिरताना दिसायचा. या तापाची एक लस असते, हे मला त्याच काळात कळलं, भिंतीवरच्या एका फलकावरून. मी तो फलक दिवसातून कितीदा वाचायची कोण जाणे.

ताप उतरला तेव्हा आम्ही पेढे वाटले. माझे यजमान शेखर इतके खूश होते, की लिफ्टवाल्यालाही दोन पेढे दिले. डॉक्टरांनी पेढा हातात धरून ठेवला. "बुखार तो गया," ते म्हणाले, "अब दिमाग को समय दीजिए." किती, असं मी विचारलं. त्यांनी पेढा तसाच टेबलावर ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही ठाऊक नव्हतं.

घरी जी आली ती मिनूच होती आणि नव्हतीही. डावा हात कोपरात वळलेला, बोटं मुडपलेली. चालताना डावा पाय अर्धा क्षण मागे राहायचा. शब्द हरवलेले. चमच्याला 'वो खाने वाला', तलावाला 'पानी का मोहल्ला'. ऐकून पाहुणे हसायचे. मीही हसायची, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायची. जी मुलगी पदरामागे लपायची ती आता अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवून विचारायची, तुम्हारा पेट इतना बड़ा क्यों है. राग आला की हातातलं ताट भिंतीवर. पाच मिनिटांनी विसरून जाऊन माझ्या मांडीवर डोकं. सकाळी शिकवलेला धडा दुपारी पुसलेला, पण चार वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात कोणी कोणती साडी नेसली होती ते लख्ख आठवणार. आणि मधूनमधून झटके. कधी तीन महिन्यांनी, कधी आठ दिवसांत दोनदा. रोज गोळ्या, वेळच्या वेळी, न चुकता.

शाळेतल्या मॅडम एक दिवस म्हणाल्या, "इसको किसी और जगह डालिए, यहाँ बाकी बच्चों का नुकसान होता है." मी उठून आले. तिला घरीच शिकवायला लागले. एका ताटलीत राजमा, दुसरी रिकामी. डाव्या हाताने एकेक दाणा उचलून टाकायचा. कितीतरी दुपारी त्या दाण्यांच्या आवाजात गेल्या. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्. मी तिच्या बोटांकडे टक लावून बसायची. तिला ते आवडायचं नाही. "मत देखो ना, नहीं होता," म्हणायची. मी नजर वळवायची आणि तिरक्या डोळ्यांनी पुन्हा बघायची.

सासूबाई एकदाच म्हणाल्या. वाईट बोलायचं म्हणून नव्हे. सुस्कारा टाकावा तसं निघून गेलं. "तीजाले गेली नसती तं..." वाक्य पुरंही केलं नाही. मी ते रोज पुरं करते.

माझंही एकदा सुटलं. मिनू तेरा वर्षांची होती. कपाटातले सगळे कपडे जमिनीवर फेकून त्यावर उभी होती, आणि मी दमले होते. म्हटलं, "तू पहले ऐसी नहीं थी." रागात मीही हिंदीत बोलायला लागते.

ती कपड्यांवरून खाली उतरली. विचार करत म्हणाली, "तो वो वाली कहाँ है?"

चेष्टा नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आजारापूर्वीचे काही महिने आणि तो सगळा भादवा तिच्या डोक्यात नाहीच. तिथे कोरी जागा आहे. ती संध्याकाळ, बगळे, फ्रॉक, काहीच नाही. तिच्या वाटचं ते सगळं मीच आठवते. मी कपड्यांच्या ढिगावर बसले आणि घड्या घालू लागले. तिनेही एका हाताने घालायला घेतल्या. वाकड्या घड्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं, की मी एका मुलीची वाट बघत बसले आहे आणि दुसरी माझ्यासमोर मोठी होते आहे. समजलं खरं, पण म्हणून ती वाट बघायची सवय गेली असं नाही.

या वर्षी मिनू सोळाची झाली. दादा आला, पिशवी खुर्चीवर ठेवली, चहा घेतला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. "येतं का विजू?"

मी तोंड उघडायच्या आत आतून मिनू आली. खांद्याला शाळेचं जुनं दप्तर, त्यातून टॉवेलचं टोक बाहेर लोंबत होतं. "मामा, मैं चल रही हूँ."

"मिनू!"

"मम्मी का मन नहीं है तो मत आए. सबके मामा के घर होते हैं. मेरा भी है."

दादा कपाकडे बघत राहिला. शेखर दाराशी उभे होते. ते म्हणाले, "जाऊन या ना विजू. दोन दिवसांचं तं काम आहे." मग हळूच, "तुले अजून वाटते का, की दादाच्या घरानं काही केलं?"

नाही, दादाच्या घराने काही केलं नव्हतं. पण सात वर्षं न जाऊन मी दादाला नेमकं तेच सांगत आले होते, हे त्या क्षणी त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघून मला दिसलं. मी आत जाऊन बॅग काढली. मच्छरदाणी, मलमाच्या ट्यूब, लांब बाह्यांचे कुर्ते, गोळ्यांची डबी. अर्धी बॅग डासांसाठीच भरली.

बसमध्ये मिनू खिडकीशी बसली. धमतरी रोडच्या दोन्ही बाजूंना धान गुडघाभर उभं होतं, मधे पाणी चमकत होतं. जगातला सगळ्यात सुंदर हिरवा रंग असेल तो. मी बॅगेतली मलमाची ट्यूब चाचपून बघितली. मिनूने काच सरकवून तोंड बाहेर काढलं आणि दाराशी लटकलेल्या कंडक्टरला ओरडून सांगितलं, "भैया, मैं तीजा जा रही हूँ!" दोन बायका वळून हसल्या. एकीने तिला खुर्मी दिली.

वहिनी दारातच होती. तिने मला बघितलं, हात धरला आणि धरूनच ठेवला. घर तसंच होतं. फक्त सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी लागलेली, मागच्या दारालाही. आणि घराला लागून जी बांधी होती तिथे आता धान नव्हतं, तुरीची झाडं होती. तुरीला पाणी साचवावं लागत नाही. संध्याकाळी करू भात झाला. मिनूने कारलं थुंकलं आणि जाहीर केलं, की मामीला स्वयंपाक येत नाही. वहिनी इतकी हसली, की तिला ठसका लागला. मिनू आनंदाने फुलली होती. बडबडत राहिली, झोपेना. गोळी मी वेळेवर दिली होती, पण तिला झोप पुरली नाही तर काय होतं ते मला माहीत होतं, आणि मी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होत राहिले.

दुसऱ्या दिवशी तीजा. निर्जळी उपास. सकाळी अकराच्या सुमाराला मी न्हाणीघरात केस धूत होते. वहिनीची हाक आली. "ताई!" एवढीच. त्या एका हाकेत मला सगळं कळलं.

ओले केस, अर्धवट गुंडाळलेली साडी, मी धावले. आठ वर्षांत जितके झटके आले तितक्यांदा मी एकच केलं आहे. तिला घट्ट धरलं आहे. डॉक्टर सांगतात, धरू नका. कळतं. पण त्या वेळी माझ्यात डॉक्टरांचं ऐकणारं कुणी उरत नाही.

ओसरीवर मिनू कुशीवर वळवलेली होती. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. गळ्याशी कुर्त्याचं बटण सोडलेलं, पाट आणि पितळी तांब्या लांब सरकवलेला. दादा गुडघ्यांवर बसला होता, हात तिच्या खांद्यामागे, नुसता आधाराला. त्याचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते. शेजारच्या काकी चमचा घेऊन धावल्या, तर तो घड्याळावरून नजर न काढता म्हणाला, "काकी, मुँह में कुछ नहीं डालना है." मी झेप घेणार तोच, तसाच, "विजू, धरू नको. बस इथं बाजूले. दीड मिनिट झाला."

मी बसले. हात मांडीखाली दाबून बसले.

"दोन," दादा म्हणाला. आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा. अंगणात कुठलीतरी कोंबडी ओरडत होती. "अडीच." मग मिनूचा पाय सैल पडला. हात सैल पडला. तोंडातून लाळ आपोआप खाली ओघळली, कुशीवर होती म्हणून. घोरल्यासारखा एक मोठा श्वास आला, मग दुसरा. दादाने तिचं तोंड आपल्या गमछ्याने पुसलं आणि तेव्हा कुठे घड्याळाकडे बघायचं सोडलं.

"दादा, तुले हे कसं माहीत?"

तो तिच्या डोक्याखालचा टॉवेल नीट करू लागला. वहिनीच बोलली. "तुमचे दादा आरोग्य केंद्रातल्या दीदीकडून शिकून आले. लय वर्षं झाली ताई. म्हणे, विजू आली अन् मीच घाबरलो तर? दरवर्षी तुम्हाले आणाले जायच्या आधी मले ओसरीवर झोपवतात अन् कुशीवर वळवतात. घड्याळ लावून. मले आता पाठ झालं."

मला हसू फुटलं की रडू, ठाऊक नाही. दोन्हींचा आवाज एकच आला. सात वर्षं हा माणूस माझ्या दारातून एकटा परत आला होता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तयारी करून निघाला होता.

मग मी ते बोलले, जे कुणालाच बोलले नव्हते. "दादा, त्या दिवशी तिला जायचं नव्हतं. मी पाठवलं होतं. वहिनीशी बोलायला मिळावं म्हणून ढकललं होतं."

दादाने माझ्याकडे बघितलं. "हव?" म्हणाला. "मले तं वाटे, मीच हट्टानं नेलं."

एवढंच. आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो होतो आणि मधे मिनू झोपली होती. उपासाचा दिवस, घशाला कोरड पडलेली. वेगवेगळ्या घरांत बसून आम्ही एकच संध्याकाळ वाहत होतो, आणि दोघांनाही ती आपल्या एकट्याची वाटत होती. ती हलकी झाली, असं मी म्हणणार नाही. अजूनही रस्त्यात डबकं दिसलं की माझी चाल बदलते. पण त्या संध्याकाळचं दुसरं टोक धरणारं कुणी आहे, हे त्या दुपारी कळलं.

मिनू दोन तासांनी उठली. डोळे जड, जिभेला चावा बसलेला. नेहमीसारखं तिला काही आठवत नव्हतं. आम्हा तिघांचे चेहरे बघून तिने ओळखलं. "आया था?"

मी नेहमी 'काही नाही, झोप' म्हणते. माझ्या आधी दादा म्हणाला, "हव. आला होता. अडीच मिनिटं."

"मुझे क्या होता है उसमें?" ती म्हणाली. "मम्मी कभी नहीं बताती. मैंने देखा ही नहीं है."

खरंच होतं. घरातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं, शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. जिचं होतं तिनेच कधी पाहिलं नव्हतं. दादा माझ्याकडे बघत होता. मी होकाराची मान हलवली. कशी हलवली, माहीत नाही.

दादा चटईवर आडवा झाला, धोतर सावरून, सरकारी शाळेतला पन्नाशीचा गुरुजी. "बघ," म्हणाला, "असं अंग ताठ होते. मग हात असे हलते. डोळे वर. तुले दुखत नाही, फक्त तू तिथं नसते. मग परत येते." त्याने ते करून दाखवलं, सगळं, न लाजता. मिनू एकटक बघत होती. मला वाटलं, आता ताट फेकेल, रडेल.

"फिर?" ती म्हणाली.

"मग मले कुशीवर कर."

ती गुडघ्यांवर बसली. उजवा हात त्याच्या खांद्याला लावला आणि ओढलं. दादा जडच. हलला नाही. मी पुढे सरकले. वहिनीने माझा पदर धरला. मिनूने डावा हात पुढे आणला. मुडपलेली बोटं त्याच्या कमरेशी नेऊन ठेवली, आणि ती हळूहळू, एकेक करत उघडू लागली. मी नजर वळवली नाही आणि तिनेही मला 'मत देखो' म्हटलं नाही. तिने दोन्ही हातांनी जोर केला. मामा वळला.

वळवल्यावर तो उठायला लागला, तशी तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "हिलना नहीं," ती म्हणाली, आणि मान वर करून घड्याळाकडे बघत, चक्क मराठीत, मामाला दटावून म्हणाली, "अजून एक मिनिट नाही झाला."